न दुखणारी गाठ

त्या पावडरीला लिंबाचा वास होता. पण लिंबू नुसते ऐकून माहीत असलेल्या कुणीतरी तो घडवला असावा. उत्तर भारतातल्या महानगर कॉलनीत, आमच्या स्वयंपाकघरात आई ती पाण्यात विरघळवत होती आणि बाबा पेल्यामागून पेला रिचवत होते. दुसऱ्या दिवशी कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून आतड्याची तपासणी होती. तोवर आतडे धुऊन निघायला हवे होते.

“आयुष्यभर उंदरांची आतडी तपासली,” बाबा म्हणाले. “आता माझी पाळी.”

“उंदीर निदान लपवत नव्हते,” आई म्हणाली.

बाबा संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले शास्त्रज्ञ. दोन वर्षांपूर्वी शौचात लाली दिसली, ती त्यांनी आदल्या दिवशीच्या बिटाच्या कोशिंबिरीच्या माथी मारली. मग मूळव्याध समजून सुरण आला, ताक आले. डॉक्टरांनी नमुन्यासाठी दिलेली डबी न्हाणीघराच्या खिडकीत कोरीच राहिली. कॉलनीतली लॅब त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्याची. ‘सर’ म्हणून पायाशी वाकणाऱ्याच्या हाती ती डबी ठेवणे त्यांना जमले नाही.

तपासणीनंतर डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर ओलसर, गुलाबी भिंत दाखवली, आणि तिच्यावर मातलेली ती गाठ. अशी गाठ म्हणजे पॉलिप, तो आतड्याच्या अस्तरावर उगवतो, ते सांगत होते. बहुधा दुखत नाही, पुष्कळदा निरुपद्रवीच राहतो, पण एखादा वर्षानुवर्षे वाढत जातो आणि त्याचा कर्करोग होतो. लहान असतानाच दिसला, तर त्याच नळीतून तारेचा फास टाकून काढता येतो. बाबांचा दिसला नव्हता. पुढच्या तपासण्यांत रोग यकृतापर्यंत पोचलेला निघाला.

“बेटी, आप भी करा लीजिए,” निघताना डॉक्टर मला म्हणाले. हा धोका रक्ताच्या नात्यात उतरू शकतो.

मी टाळत राहिले. बाबा रोज विचारीत, “गेलीस?” मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याकडे बोट दाखवी. त्या गठ्ठ्याआड भीती होती, हे त्यांना कळत असावे.

“मला लाज नडली,” एका दुपारी ते म्हणाले. “तुला काय नडते आहे?”

मी गेले. दोन पॉलिप निघाले. दोन्ही तिथेच काढले. माझा अहवाल आला तेव्हा बाबांचा आवाज कापसासारखा विरळ झाला होता. कर्करोग नव्हता; पॉलिप तसेच राहिले असते, तर पुढे होऊ शकला असता. मी वाचून दाखवले. त्यांनी खुणेने पुन्हा वाचायला लावले, चष्मा मागितला, आणि मिलिमीटरच्या आकड्यावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिले.

मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वेळेत.”