चौदा चित्रांची आई

"जोड दिसला तर नाव बदलीन," असं ती म्हणायची. चित्रपटगृहाच्या मागच्या खोलीत, फाटक्या रिळांपुढे बसून तिने हे इतक्यांदा म्हटलं होतं, की तिचं खरं नाव कुणाच्या लक्षातच उरलं नव्हतं. सगळे तिला जोडमावशी म्हणत. नाव बदलायची वेळ मात्र चाळीस वर्षांत आली नव्हती.

खोली केवढी, तर दोघं बसली की तिसऱ्याने दारातच उभं राहावं. टेबलावर रीळ फिरवायच्या दोन चकत्या, मधे खालून दिवा लावलेली काच, बाजूला कात्री, पातं आणि डोकं भणाणून सोडणाऱ्या वासाची डिंकाची बाटली. ठिकठिकाणी फिरून आलेला चित्रपट आधी तिच्या हाताखालून जायचा. डोळे मिटून ती पट्टीची कड बोटांतून सरकू द्यायची. फाट लागली की बोट थांबायचं. मग पट्टीवरची फाटलेली इवली चित्रं कापायची, त्यांच्या दोन्ही बाजूंचं एकेक चांगलं चित्रही कापायचं, कडा खरवडायच्या, डिंक लावून दाबायचं. चांगलं का कापायचं? तर फाट डोळ्याला दिसते त्याच्या थोडी पुढेच गेलेली असते. हा नियम तिला वस्तादाने शिकवला. तो मुक्या चित्रपटांपासून पट्ट्या जोडत आलेला.

"पडदा बोलायला लागला आणि माझी पंचाईत झाली," तो सांगायचा. "आधी चित्र कापलं तर माणूस नुसता उडी मारायचा. आता मेला अर्धा शब्दही गिळतो!"

पुढे रंग आले, पडदा रुंद झाला, गाणी लांबली. फाटणं तेच राहिलं, जोडणंही तेच.

या धंद्यात ती पडली ती आईसाठी. तिची आई चित्रपटांच्या गर्दीत उभी राहायची. नायिका बाजारातून निघाली की मागून टोपल्या घेऊन चार बायका चालतात, त्यातली एक. एका चित्रपटात नायकाची बोट सुटते आणि बंदरावर माणसं उभी असतात. आई खांबाजवळ, पाठमोरी. कुणीही मागे बघायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. पण कॅमेऱ्यामागे मामीच्या मांडीवर बसलेली पाच वर्षांची पोर कंटाळली आणि तिने हाक मारली, "आई!" आई वळली. दिग्दर्शक संतापला, पण बोट निघून गेली होती, ऊनही गेलं होतं. ते वळणं चित्रपटात तसंच राहिलं.

पुढच्याच वर्षी आई तापाने गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता. मामी पोरीला चित्रपटाला घेऊन जायची आणि अंधारात तिची हनुवटी धरून पडद्याकडे वळवायची. "बघ, बघ, तुझ्याकडेच बघतेय."

तो चित्रपट चार-सहा वर्षांनी फिरून यायचा. पहिल्यांदा तिने मोजलं, तेव्हा आईची बहात्तर चित्रं होती. पडद्यावर तीन सेकंद. दर खेपेला कुठे ना कुठे फाटून ती कमी व्हायची. एकदा तर तिला स्वतःच्या हाताने चार कापावी लागली. ती तिने बटणांच्या डबीत ठेवली. अधूनमधून खिडकीशी धरायची. पाठमोरी आई, चार वेळा तीच.

मग रिळांचे दिवस संपले. सबंध चित्रपट तळहाताएवढ्या डबीतून येऊ लागणार होता. शेवटच्या आठवड्यात दुपारी जुने चित्रपट लावायचे, असं मालकाने ठरवलं, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं. तो बंदराचा चित्रपट आला. खेळ झाला की पट्टी थेट तिच्यातली चांदी काढायच्या भट्टीत जाणार होती.

चौथ्या रिळावर तिचं बोट थांबलं. आईची चौदा चित्रं उरली होती. नऊ पाठमोरी, पाच चेहऱ्याची. आणि फाट गेली होती ती नेमकी त्या पाचांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या चित्रांतून तिरपी. नियमाने चार कापली तर एकच उरणार. डोळ्याला दिसणारसुद्धा नाही.

पडद्यावर चित्रपट चालवणारा, तीस वर्षांचा सोबती मशीनवाला दारात येऊन उभा राहिला.

"पाचही काढून घ्या मावशी. नाहीतरी भट्टीतच जाणार. मोठा फोटो करून भिंतीवर लावा."

"भिंतीवर ती वळणार नाही रे."

त्याने दारातूनच वाकून फाट बघितली. मग म्हणाला, "तर मग न कापता चिकटपट्टी लावा."

"जोड दिसेल."

"दिसेल? बोंबलेल!"

तिने कात्री बाजूला ठेवली. चिकटपट्टीला ती आळशी माणसांचं औषध म्हणायची. आज तिने तीच दोन्ही अंगांनी, कडेच्या भोकाला भोक जुळवून, श्वास धरून लावली.

दुपारच्या खेळाला अकरा माणसं होती. ती मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. बंदर आलं. भोंगा झाला. खांबाजवळचा अंबाडा हलला, गाल आला, डोळे आले, आणि चेहऱ्यावरून पांढरी रेघ सपकन गेली. पडद्याला उचकी लागल्यासारखं झालं. पुढून शिट्टी आली. "ए, झोपलात का रे!" पण तोवर आईने बघून घेतलं होतं. पुरतं वळून बघितलं होतं.

ती शेवटापर्यंत थांबली नाही. ती जिन्यात असताना मशीनवाल्याने मशीनच्या खोलीच्या दारातून डोकं काढलं.

"दिसला जोड! आता नाव बदला."

"ठेव तुला आवडेल ते."

"खेळ झाला की तेवढा तुकडा कापून देऊ?"

"नको. आहे तशी, अख्खी जाऊ दे तिला."

ती अंगणात उतरली. उन्हातून हळूहळू चालत फाटकापाशी पोचली. मशीनवाला खिडकीशी आला, तेव्हा त्याला खिडकीच्या कट्ट्यावर, रीळ द्यायला येताना तिने आणलेली कात्री दिसली.

"मावशी! कात्री राहिली!"

फाटकाच्या खांबाजवळ ती वळली. आधी मान, मग खांदा. उन्हामुळे डोळे बारीक करून तिने वर बघितलं, राहू दे म्हणून हात हलवला, आणि रस्त्याला लागली. रीळ बदलायची खूण पडद्यावर येऊन गेली, पडदा पांढरा झाला, आत लोक ओरडू लागले. मशीनवाला खिडकीतून बघतच राहिला.