डाव्या डोळ्याने वाचलेल्या चार कादंबऱ्या

डॉक्टरांनी डोळ्यावरचा प्रखर दिवा बाजूला घेतला आणि विचारलं, "हे असं दिसायला लागून किती दिवस झाले?"

"नऊ."

"मग नऊ दिवस काय करत होतात?"

खरं उत्तर असं होतं की मी चष्मा पुसत होतो.

उजव्या डोळ्याला 'रेटिनल डिटॅचमेंट' झालं होतं. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला चिकटलेला पडदा. ओल आलेल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा माझा सुटला होता. त्याच्या मधल्या भागाला 'मॅक्युला' म्हणतात, बारीक अक्षर त्यावर वाचलं जातं. तोही उठला होता.

आधी काळे ठिपके तरंगायचे. मान वळवली की कोपऱ्यात वीज चमकायची. मी ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलला. मग नाकाच्या बाजूने काळी सावली सरकू लागली. मी तडक बदलापूरहून उल्हासनगर गाठलं, नवा चष्मा करायला. दुकानदार सिंधी, वयस्कर. त्याने माझा डावा डोळा झाकून शटरकडे बघायला सांगितलं. अर्धं शटर गायब. "साईं, ये नंबर का लफडा नहीं है. आज के आज डॉक्टर को दिखाओ."

मी म्हणालो, "तुम नंबर निकालो, डॉक्टरकी मत करो."

फ्रेम झकास मिळाली. नव्या चष्म्यातून सावली अगदी स्वच्छ दिसायला लागली.

आता अडचण अशी, की माझा डावा डोळा जन्माचा आळशी. 'अँब्लिओपिया', म्हणजे लहानपणी मेंदूने ज्याला बघायला शिकवलंच नाही असा डोळा. साठ वर्षं सगळं वाचन उजव्याने ओढलं. डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनने पडदा बसेल. नजर किती येईल ते सांगत नाही. बारीक अक्षर वाचता येईलच असं नाही."

मी अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. महिन्याला बारा कादंबऱ्या संपवतो, अशी फुशारकी लायब्ररीत मारायचो. वाचन गेलं तर माझ्याकडे उरतं काय? गुडघे.

दुसऱ्याच दिवशी 'विट्रेक्टॉमी' झाली. डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, लेझर मारतात आणि आत गॅस भरतात. हा बुडबुडा पडद्याला दाबून धरतो. पण तो वर चढतो, म्हणून तोंड खाली ठेवायचं. दहा दिवस, दर तासातली पन्नास मिनिटं.

ओळखीच्या सुताराला तोंडापुरतं भोक पाडलेला पलंग हवा म्हणून फोन केला, तर तो म्हणाला, "काका, या वयात मसाज पार्लर टाकताय?" पण संध्याकाळपर्यंत प्लायवूडला गोल भोक पाडून, कडेला फोम लावून दिलं.

पहिले दोन दिवस मी फरशीचा अभ्यास केला. तिसऱ्या दिवशी तपासणीला डॉक्टरांना विचारलं, "डाव्याने वाचू का?"

"पंधरा मिनिटं वाचा, मग थांबा. मान मात्र वर करायची नाही."

बायकोला, कुंदाला, लायब्ररीची यादी दिली. तिने ती वाचली, घडी घातली आणि स्वतःच्या आवडीची चार पुस्तकं आणली. "डोळा तुमचा, निवड माझी," म्हणाली. भोकाखाली फरशीवर पुस्तक, त्यावर स्टँडवालं भिंग, आणि माझा आळशी डोळा नोकरीच्या पहिल्या दिवशी. तासाला पाच पानं.

पहिली रहस्यकथा. एरवी मी वर्णनं गाळून थेट प्रेतावर जायचो. या वेळी गाळणं परवडेना, कारण हरवलेली ओळ शोधायला दहा मिनिटं जायची. त्यामुळे भर पावसातून आलेल्या माळ्याच्या कोरड्या चपला दिसल्या आणि खुनी मला चाळिसाव्या पानावरच सापडला. आयुष्यात पहिल्यांदा.

दुसरी एका नर्सच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसाची, बारकी. दुपारी ती रिकामा बेड पुसते, एवढंच एक प्रकरण. पूर्वी याला 'काही घडत नाही' म्हणालो असतो. त्या दिवशी मी ते दोनदा वाचलं.

तिसरी तेलघाण्यावरच्या तीन बहिणींची. "ही तर मी वाचलीये, धाकटी लग्न करून जाते," मी खालच्या तोंडाने ऐटीत सांगितलं.

"धाकटी लग्न मोडते," कुंदा म्हणाली. "शेवटची पन्नास पानं न वाचताच परत केली होतीत ना?"

केली होती. शिवाय लायब्ररीत त्या कादंबरीवर पाऊण तास बोललोही होतो.

चौथी सर्कशीतल्या आचाऱ्याची, साडेपाचशे पानांची. पूर्वी दोनदा तिसाव्या पानावर सोडलेली. हीच महिन्यातली सर्वांत लाडकी ठरली. रोज दीडशे माणसांचं जेवण करणारा तो माणूस एकदाही तंबूत जाऊन खेळ बघत नाही. का, ते कळायला मला तीनशे पानं लागली, आणि कळलं तेव्हा भिंगावर पाणी पडलं. डोळ्यातलं औषध होतं, असं मी घरात सांगितलं.

महिन्याच्या शेवटी बुडबुडा विरला. डॉक्टरांनी तक्ता दाखवला. वरच्या तीन ओळी उजव्याने वाचल्या, वाकड्या, पण वाचल्या. "पडदा बसलाय," ते म्हणाले. "थोडं सुधारेल. ओळी मात्र वाकड्या राहतील. पुस्तकाची आशा फार धरू नका."

तुमच्या डोळ्यात ठिपके तरंगले, वीज चमकली, सावली सरकली, तर चष्मा पुसू नका. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. माझे नऊ दिवस मी फ्रेम निवडण्यात घालवले. तेवढ्यात मॅक्युला उठला. मी त्या डॉक्टरांचा, सुताराचा, आणि ज्याचं ऐकलं नाही त्या दुकानदाराचा ऋणी आहे. त्याला पेढे द्यायला गेलो तेव्हा त्याने आधी डोळा तपासला, मग पेढा घेतला.

घरी आल्यावर मी डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि पाचवं पुस्तक भिंगाखाली उघडलं. अक्षरं नाचत होती. पहिलं वाक्य जमायला आठ मिनिटं लागली.

कुंदा तांदूळ निवडत बसली होती. "अहो, डॉक्टर काय म्हणाले ते विसरलात?"

"ते म्हणाले, आशा फार धरू नका. थोडी धरायला कुठे बंदी आहे?"

"बरं," ती म्हणाली. "मग मोठ्याने वाचा. इकडे ऐकू येत नाही."