बोहनी न झालेला बाजार

रस्ता गावात शिरतो त्या वळणावर, मारुतीच्या पारासमोर, सुंदराबाईचं टोपलं असतं. आधी तिथे तिची सासू बसायची. बुधवारी बाजाराला येणारं माणूस आधी तिच्याकडचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, बघतं आणि आज बाजार कसा आहे ते तिथेच ठरवतं. तिच्याशी घासाघीस करायला लोकांना आवडतं. भाव उतरवावा लागला तरी आपण हरलो असं ती तोंडावर दिसू देत नाही.

बोहनीच्या, म्हणजे दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या, बाबतीत मात्र ती फार कडक. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही आणि बोहनी झाल्याशिवाय दुकान उठवायचं नाही, हे दोन नियम आमच्या बाजारात सगळेच पाळतात, पण तिच्याइतके कोणी नाही. एका पोळ्याच्या आठवड्यात बाजार ओस पडला होता. सगळे उठून गेले, ही बसूनच. शेवटी तिचा नवरा शालिकराम आला आणि त्यानं स्वतःच एक मेथीची जुडी घेतली. तिनं त्याच्याकडूनही पूर्ण भाव घेतला.

आमचं गाव चांदूर बाजारपासून थोडं आत, रेल्वेच्या रुळांना लागून. काही वर्षांपूर्वी रुळांशेजारच्या पडीक जमिनीवर कोळशाचा डेपो आला. मालगाडी कोळसा ओतून जायची आणि तिथून ट्रक तो दूरच्या वीज कारखान्याला न्यायचे. वाट एकच, गावातून. ढिगाऱ्यांवर कसलं झाकण नव्हतं. वारा सुटला की डेपोवरून एक काळसर पदर उठायचा आणि शांतपणे मळ्यांवर उतरायचा. मेथीवरून हात फिरवला की बोटं काळी व्हायची. धुवावी तर पालेभाजी अमरावतीला पोचेपर्यंत वाटेतच सडायची. राजापेठेतल्या ज्या दुकानात सुंदराबाईचा माल वर्षानुवर्षं जात होता, तिथल्या माणसानं एकदा जुडी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "काकू, मळ्यातून आणता का खाणीतून?"

ती भरलेलं टोपलं घेऊन परत आली.

हवामानही पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. होळीच्या आधीच उन्हाळा अंगावर यायचा, मेथी वाढायच्या आत फुलावर यायची, आणि वाचलेल्या भेदरांवर, म्हणजे टोमॅटोंवर, भलत्याच महिन्यात गारा पडायच्या. तिची भाची करिश्मा अमरावतीला शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिनं मावशीला सांगितलं की कोळसा जळून जो धूर वर जातो, तोच ऊन धरून ठेवतो आणि तोच पावसाची घडी मोडतो. सुंदराबाई वाल सोलत होती. हातातली शेंग तशीच धरून ती म्हणाली, "म्हंजे खालून बी हाच अन् वरून बी हाच. आपल्याले दोन्हीकडून एकच जण मारून रायला."

अर्ज झाले. निवेदनं झाली. मग गावानं रस्ता रोखला. पोलिसांनी बायकांना गाडीत बसवून चांदूर बाजारला नेलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. तेवढ्या वेळात दिवसभराचे ट्रक निघून गेले. परतीच्या एसटीत शेजारच्या मळ्यातली वच्छला म्हणाली की चला, फुकटात फिरून आलो. आणि पुढे पुटपुटली की हेच पोलिस बुधवारी आपल्याकडून भेदरं घेतात, तेव्हा तर कोणी उठवत नाही.

सुंदराबाई खिडकीबाहेर बघत होती. गावाची पाटी दिसली तशी ती वळली.

"मंग बाजारच बसवू. रस्त्यावर."

"संध्याकाळी उठाच लागन ना वो, बाई," वच्छला म्हणाली.

"बोहनी झाली तं उठाच लागन," सुंदराबाई म्हणाली.

एसटी थांबली तरी वच्छला जागेवरून उठली नाही. मग एकदम हसायला लागली.

बाजार मुळात रस्त्यावरच भरायचा. ट्रक आले तशा बायका भोंग्याला भिऊन कडेच्या नालीपर्यंत सरकत गेल्या होत्या. त्या बुधवारी त्या परत आपल्या जागी आल्या. पहाटेच पोतं अंथरून सुंदराबाईनं टोपलं डांबरावर ठेवलं, तिच्यामागे वच्छलाची भेदरं, मग वांगी, काकड्या, झेंडू, पार डेपोच्या फाटकापर्यंत.

मग सुरू झाला तो बाजार आमच्या गावानं कधी पाहिला नव्हता. सारं गाव खरेदीला आलं आणि कोणी काहीच घेतलं नाही. वांगी हातात घेऊन माणसं बियांवर चर्चा करायची. सुंदराबाई अशी काही किंमत सांगायची की समोरचा कानाला हात लावायचा. शालिकराम सकाळपासून वच्छलाशी एकाच भेदरावरून भांडत होता. पाटलांच्या सुनेनं प्रत्येक टोपल्यासमोर बसून तोंड वाकडं केलं आणि तिला त्यात फार मजा आली. पोलिस आले. बाजाराचा दिवस, बाजाराचा रस्ता, दुकानं मांडलेली, गिऱ्हाइकं भाव करतायत. संध्याकाळी त्यांनी उठायला सांगितलं तेव्हा सुंदराबाई नम्रपणे म्हणाली की साहेब, बोहनी नाही झाली, कसं उठावं. हवालदार अंजनगावकडचा होता. त्याची आईही तिकडच्या बाजारात बसायची, हा नियम त्याला ठाऊक होता. तो डोकं खाजवत पाराकडे गेला.

ट्रकांची रांग वळणापलीकडे लांबत गेली. जेवणं रस्त्यावरच झाली. दुसऱ्या दिवशी कारखान्याचे फोन यायला लागले, असं डेपोतल्या पोरांनी सांगितलं. आणि त्याच दुपारी डेपोचे मॅनेजर स्वतः चालत आले.

त्यांना कोणीतरी बरोबर सांगितलं होतं. ते थेट वळणावर आले, सुंदराबाईसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाई, सगळं टोपलं द्या. तुम्ही म्हणाल तो भाव."

सगळ्या बाजारानं माना वळवल्या. तिनं विकलं की बोहनी झाली, मग पोलिसांना सांगायला कारण उरत नव्हतं. ती उठली की मागची सगळी रांग उठणार. आणि नाही म्हणावं, तर बोहनीचं गिऱ्हाईक परत जाणार. आयुष्यात असं तिनं केलं नव्हतं. हाताची बरकत जाते, असं सासूनं सांगितलेलं, आणि ती त्यावर मनापासून विश्वास ठेवायची. तिचे हात मांडीवर पडले होते. वच्छला मागून हळूच म्हणाली की नाही म्हण, माय. सुंदराबाईनं तिच्याकडे बघितलं नाही.

ती टोपल्यात वाकली आणि एक काकडी काढली.

"देतो ना," ती म्हणाली. "पण पहिल्या गिऱ्हाईकाले आमी चाखाले देत असतो. खाऊन पाहा."

मॅनेजरांनी काकडी घेतली. खिशातून पांढरा रुमाल काढून पुसली. रुमालाकडे बघितलं. परत पुसली. मग कोणाकडे न बघता त्यांनी पाणी मागितलं.

"पाणी हाय," सुंदराबाई म्हणाली. "काकडी धुवून देतो. अन् आमी जे नाकातून घेऊन रायलो, ते कोन धुवून देईन?"

ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली, भाव सांगावा तशी.  मॅनेजरांनी काकडी टोपल्याच्या काठावर ठेवली आणि ते उठले.

"पाहून घ्या सगळे," तिनं मागे वळून सांगितलं. "मी नाई म्हटलं नाई. माल त्यायनंच वापस केला."

हसू आधी वच्छलाला फुटलं. मग ते टोपल्याटोपल्यावरून पार फाटकापर्यंत गेलं. रांगेतल्या पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर देवमन हे सगळं वरून बघत होता. तो खाली उतरला. ती काकडी उचलली, पँटीला पुसली आणि कचाकचा खाल्ली. आपण तर रोज याच धुळीत असतो, असं काहीसं तो म्हणाला. मग परत वर चढून त्यानं गाडी मागे घ्यायला सुरुवात केली.

त्या अरुंद रस्त्यावर ट्रक वळवणं सोपं नव्हतं. शालिकराम मागे उभा राहून हात हलवू लागला, येऊ द्या, येऊ द्या, बस. पाटलांच्या सुनेनं आपल्या घराच्या फाटकापाशी जागा करून दिली. एकेक गाडी रिकामीच वळली आणि आली तशी गेली. जो भोंगा ऐकून बायका इतकी वर्षं नालीत सरकल्या, तोच आता दूर जाताना ऐकू येत होता. आपण किती मोठ्यानं बोलतोय हे लोकांना त्यानंतर कळलं, कारण रस्त्यावर दुसरा आवाजच उरला नव्हता.

तरीही बाजार उठला नाही. शुक्रवारी तहसीलदार मॅडम आल्या. डेपोत गेल्या, ढिगाऱ्यांभोवती फिरल्या, कागद मागवले. कोळसा उघड्यावर साठवायची परवानगीच नव्हती. दुपारी त्यांनी वळणावर उभं राहून आदेश वाचला. गावातून एकही ट्रक जाणार नाही आणि ढिगारे उचलले जातील. पुढे ते खरंच उचलले गेले, मालगाडीनंच. पण त्या दुपारी फक्त शब्द होते, आणि सुंदराबाईनं ते दोनदा वाचून घेतले.

मग मॅडमनी मेथीची जुडी मागितली. मेथी तीन दिवसांची, मान टाकलेली. सुंदराबाईनं ताज्या मेथीचा भाव सांगितला. मॅडम पैसे काढायला लागल्या, तर मागून वच्छला ओरडली की अवो मॅडम, लुटून रायली ते तुमाले, अर्ध्यात मांगा. बरीच घासाघीस झाली. सुंदराबाईनं नोट कपाळाला लावली, टोपलं डोक्यावर घेतलं आणि उठली.

परवा पातूरकडच्या एका गावातली चार माणसं तिला शोधत आमच्याकडे आली होती. त्यांच्या शिवारात असाच डेपो येऊ घातलाय. सोबत नकाशे होते, आणि लढा कसा उभारायचा हे समजून घ्यायचं होतं. सुंदराबाई मळ्यात पालक खुडत होती. तिनं त्यांना बांधावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. नकाशे बाजूला सारले.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "पहिले हे सांगा, तुमचा बाजार कोन्या दिवशी असते?"