चकाचक काकूंची हिरवी टाकी

मत्स्यालयातल्या टाक्या साफ करायचं काम त्यांचं. सगळे त्यांना चकाचक काकू म्हणत आणि काकूंना ते आवडे. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्यांच्या जिवाची तगमग होई. घरीही तेच. त्यांचे यजमान शिंपी, सगळ्यांचे शिंपीदादा. त्यांनी चहाचा कप खाली ठेवायचा अवकाश, कप धुतलेला. "अगं, शेवटचा घोट तरी माझा असू दे," ते म्हणायचे.

कोपऱ्यातल्या टाकीत मँडरिन माशांची जोडी आली तेव्हा काकू बघतच राहिल्या. जेमतेम बोटाएवढे जीव, निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा. खवल्यांऐवजी अंगावर कडू, बुळबुळीत थर, म्हणून मोठे मासेही वाटेला जात नाहीत. पोहायचा मात्र भारी कंटाळा. परांवर टेकत खडकावरून टुणटुण फिरायचं आणि दिवसभर काहीतरी टिपत राहायचं.

एवढ्या देखण्या पाहुण्यांना शेवाळलेले दगड? काकूंनी ते बाहेर काढून घासघासून पांढरे केले. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

नराचं पोट खपाटीला गेलं. काकूंनी कोळंबी बारीक चिरून त्याच्या तोंडाशी धरली. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं.

"काकू, इतकी स्वच्छ टाकी मी अजून पाहिली नाही."

काकू फुलल्या.

"म्हणून तर हा उपाशी मरतोय. शेवाळात डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जीव असतात. हा तेवढेच वेचून खातो. तुम्ही त्याचं वाढलेलं ताटच घासून ठेवताय."

काकूंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "वाचेल ना पण? काय करू मी?"

"काहीच करू नका."

असं काकूंना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी दुसऱ्या जुन्या टाकीतले शेवाळलेले दगड आणून ठेवले. काच हिरवी होत गेली. "इथे कुणी पुसत नाही वाटतं?" येणारेजाणारे म्हणत. काकू हाताची घडी घालून, दात आवळून उभ्या राहत. सगळा राग घरच्या भांड्यांवर निघे. "या कढईतून आता आरपार दिसेल," शिंपीदादा म्हणाले.

एका संध्याकाळी दिवे मंद झाल्यावर काकूंनी काचेवर तळहाताएवढी जागा पुसली. तेवढीच, बाईंना विचारून. आत डोकावल्या. नराचं पोट भरलं होतं. तो मादीला खेटला, दोघं खडकावरून हळूहळू वर तरंगत गेली, अगदी वर, आणि धुरासारखी अंडी पाण्यात सोडून क्षणात खाली पळाली. जणू काही झालंच नाही.

काकूंनी फडक्याची घडी करून ते पिशवीत ठेवून दिलं.

त्या रात्री शिंपीदादांचा कप टेबलावर तसाच राहिला. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. मग उठून काकूंच्या कपाळाला हात लावला.

"ताप तर नाही," ते म्हणाले. "मग काय झालंय तुला?"