हवाली करण्याआधीचा जबाब

ती दुपार मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये अशीच माझी इच्छा आहे. पस्तीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे उघडकीस आणले, गणपतीच्या बंदोबस्तात सव्वीस-सव्वीस तास उभा राहिलो. पण निवृत्तीनंतर कोणी म्हणालं की साहेब, एखादी केस सांगा, तर मला आधी ती आठवते जिच्यात गुन्हा घडलाच नव्हता. घडता घडता राहिला, आणि तो माझ्या हातून घडणार होता.

मी तेव्हा पुण्याच्या दक्षिण भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. बिबवेवाडीचा बराचसा भाग आमच्या हद्दीत. एका सकाळी उझबेकिस्तानातून आलेले एक गृहस्थ ठाण्यात आले. वय साधारण पंचावन्न, अंगात कोट, सोबत परदेशी विद्यार्थ्यांचे प्रवेश करून देणारा एक एजंट, तोच दुभाषा. गृहस्थांचा पुतण्या तीन वर्षांपासून पुण्यात शिकत होता. वय सव्वीस. काका त्याला न्यायला आले आणि दुसऱ्याच दिवशी तो खोलीतून निघून गेला. शहराजवळच्या मांजरी गावच्या एका मुलाने त्याला फूस लावून पळवलं, असं काकांचं म्हणणं होतं, पण त्या मुलाचा पत्ता त्यांना माहीत नव्हता. पुरावा म्हणून त्यांनी पुतण्याचा पासपोर्ट माझ्या टेबलावर ठेवला. तो त्यांच्याकडे कसा, असं मी विचारलं. एजंट म्हणाला, "घरचे मोठे आहेत सर, सांभाळायला घेतला." मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडेही महत्त्वाचे कागद मोठ्यांच्या कपाटात असतात.

मिसिंग, म्हणजे माणूस हरवल्याची नोंद, दाखल केली. नावं मी कोणाचीच सांगणार नाही. त्या विद्यार्थ्याला इथे पाहुणा म्हणतो.

परदेशी माणूस हरवला की वरून दर दोन तासांनी फोन येतो. माझ्या हाताखाली एक महिला हवालदार होत्या, वीस वर्षं नोकरी झालेल्या. त्या वायरलेस वगैरेच्या भानगडीत न पडता सरळ इस्त्रीवाल्यांकडे गेल्या. कुठल्या घरात किती माणसं आणि कोण नवीन, हे इस्त्रीवाल्याला घरमालकाच्या आधी कळतं. तिसऱ्या दुकानात खबर मिळाली. एका फ्लॅटमधून चार दिवसांपासून दोन मापांचे शर्ट येत होते. एक आपल्या मापाचा, दुसऱ्याची बाही टेबलाच्या खाली लोंबत होती. त्याच्या कॉलरच्या लेबलावरचं अक्षर इस्त्रीवाल्याला इंग्रजी वाटलं नाही, एवढं त्याने नीट पाहून ठेवलं होतं.

फ्लॅट भाड्याचा होता आणि भाडेकरू तोच मांजरीचा मुलगा. आयटीत नोकरी, वय अठ्ठावीस. घरात तो एकटाच सापडला. त्याला ठाण्यात आणून बसवलं.

मी त्याच्यावर हात टाकला नाही, पण आवाज चढवला, टेबल आपटलं, नोकरी घालवीन म्हणालो. चौकशीची ती आमची ठरलेली पद्धत. बहुतेक माणसं दहा मिनिटांत बोलायला लागतात. हा घाबरला होता, पण बोलेना.

"कुठे लपवलंयस त्याला?"

"सर, मी काहीच सांगणार नाही. तो ॲडल्ट आहे, त्याला विचारा."

"पळवून आणलंस ना?"

"सर, तो सहा फूट दोन इंच आहे. माझ्या स्कूटरवर मागे बसला तर पाय रस्त्याला घासतात. त्याला पळवणार कसा?"

जबाब लिहून घेणारा माझा रायटर मान खाली घालून हसला. मला मात्र राग आला. पुणेरी उत्तर द्यायचा हक्क टेबलाच्या अलीकडच्या बाजूला असतो, अशी तेव्हा माझी समजूत होती.

दुपारी दीडच्या सुमारास पाहुणा स्वतःच ठाण्यात आला. मित्राला पोलिसांनी नेलं हे इस्त्रीवाल्याकडूनच त्याला कळलं होतं. आत येऊन त्याने हात जोडले आणि म्हणाला, "मी आलो आहे. आता आपण त्याला सोडा." मराठी मेसवाल्या मावशींकडून शिकलेलं, प्रत्येक ळ जागच्या जागी.

इथे मी माझी चूक केली. चूक म्हणजे नियमबाह्य काही नाही, तर रोजची सवय. आमच्याकडे हरवलेलं माणूस मिळालं की पहिला फोन नातेवाइकांना जातो. मग चहा येतो, दोन उपदेशाचे शब्द होतात, नातेवाईक येतात, ताबा पावतीवर सही होते आणि स्टेशन डायरीत लिहिलं जातं, अमुक यास नातेवाइकांच्या हवाली केले. माणूस लहान असो की चाळिशीचा, पद्धत हीच. यात मी पुण्य समजत आलो होतो. बायका-मुलींना असं घरी पोचवल्याबद्दल मला एकदा बक्षीसही मिळालं होतं. म्हणून मी लगेच फोन उचलला आणि एजंटला सांगितलं, "मिळाला. या, घेऊन जा." तो आणि काका पुणे स्टेशनजवळच्या लॉजवर होते. लगेच निघतो म्हणाले.

पाहुण्याने फोनवरचं ऐकलं. त्याचा चेहरा उतरला, पण तो रडला-ओरडला नाही. त्याने विचारलं, "सर, आपण मला अटक कराल का?"

मला वाटलं, भाषेत गल्लत झाली. "कशाबद्दल?"

"कशाबद्दलही. लॉकअपमध्ये ठेवा. काकांबरोबर देऊ नका."

लॉकअपमधून बाहेर काढा म्हणून पाया पडणारे मी शेकड्याने पाहिले होते. आत घाला म्हणणारा पहिलाच. तेवढ्यात हवालदार बाई दारात येऊन म्हणाल्या, "साहेब, याचा जबाब अजून घेतला नाही आपण." त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं, पण माझी खुर्ची मला टोचायला लागली. जबाब आधी आणि ताबा नंतर, हे प्रशिक्षणात पहिल्याच महिन्यात शिकवतात.

मग जबाब घेतला. पाहुणा म्हणाला की त्याचं प्रेम पुरुषांवर आहे, आणि मांजरीच्या मुलाबरोबर तो दोन वर्षं आहे. त्याच्या देशात पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवला, दोघांच्या मर्जीने आणि बंद दाराआड ठेवला, तरी तो गुन्हा आहे. फौजदारी कायद्याचं कलम एकशे वीस, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. शेजारच्या काही देशांतून असं कलम कधीच गेलं, त्याच्या देशात राहिलं. बायकांबद्दल त्या कलमात काही नाही, पण म्हणून त्या सुखाने राहतात असं नाही, हेही त्याने सांगितलं. त्याच्या गावातला एक जुना मित्र महिन्यापूर्वी पकडला गेला होता. मित्राच्या मोबाईलमध्ये याचे फोटो निघाले. अशा माणसांची तिथे डॉक्टरी तपासणी होते असं तो म्हणाला. कसली, ते सांगताना त्याने हवालदार बाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बाई लिहायच्या थांबल्या नाहीत.

"मग काका न्यायला का आले?" मी विचारलं.

"काका वाईट नाहीत. त्यांना तिथल्या पोलिसांनी सांगितलं आहे, मुलाला हजर करा, आम्ही प्रकरण मिटवून टाकू."

हे वाक्य ऐकलं आणि माझी चौकशी तिथेच संपली. कारण ते वाक्य माझं होतं. फरार आरोपीच्या आईला, बापाला, बायकोला मी ते किती वेळा म्हटलं असेल. हजर करा, मिटवून टाकू. आणि मिटवलं कधीच नाही, मिटवायचं नसतंच. माणूस हातात आला की वाक्याचं काम संपतं. तो देश मी पाहिलेला नाही, तिथला अधिकारी मला ठाऊक नाही, पण तो टेबलाच्या पलीकडे बसून काय बोलला असेल आणि त्याच्या मनात काय असेल, हे मला पक्कं कळलं.

पाहुण्याने विचारलं, "सर, इथे हा गुन्हा आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "आता नाही."

तो 'आता' मला मुद्दाम जोडावा लागला. आमच्याकडेही कलम होतं, तीनशे सत्त्याहत्तर. नवा फौजदार असताना बागेतून अशाच दोघांना उचलून मी दिवसभर ठाण्याच्या बाकावर बसवलं होतं. गुन्हा दाखल केला नाही, नुसतं बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याने पाहावं म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान माणसांच्या मर्जीतल्या संबंधाला त्या कलमातून बाहेर काढलं, तेव्हा परिपत्रक आलं, मी सही केली आणि फाईलला लावलं. त्याचा अर्थ त्या दुपारी कळला.

काका यायला पाऊण तास लागला. स्वारगेट चौकातल्या कोंडीचे मी जन्मात एकदाच आभार मानले, ते त्या दिवशी. तेवढ्या वेळात जबाब पुरा झाला, पाहुण्याने वाचून सही केली: मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने राहतो, मला कोणाच्याही ताब्यात जायचे नाही. दूतावासाला कळवू का, असं मी विचारलं. तो नको म्हणाला, तेही लिहून घेतलं. त्याला अटक नव्हती, व्हिसाची मुदत शिल्लक होती.

काका आत आले. मी म्हणालो, "पासपोर्ट पाहू." त्यांना वाटलं, ताबा पावतीसाठी हवा असेल. त्यांनी दिला. मी नंबर डायरीत नोंदवला, आणि ज्याचा पासपोर्ट त्याच्या हातात ठेवून पोच सही घेतली. मग एजंटला सांगितलं की मिसिंग बंद झाली आहे, माणूस सुखरूप आहे आणि तो येणार नाही. काका चिडले नाहीत. बाकावर बसले आणि पुतण्याला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. काय म्हणाले, असं मी नंतर विचारलं. पाहुणा म्हणाला, "म्हणाले, मी घरी सांगतो की तू सापडला नाहीस."

मांजरीच्या मुलाला मी सोडलं. आता प्रश्न होता, पाहुण्याला ठेवायचं कुठे. फ्लॅटचा पत्ता एजंटला माहीत झाला होता. एवढ्यात फाटकाशी मांजरीच्या मुलाचे वडील दिसले. धोतर, टोपी, उसाच्या रानातून तसेच आले होते. मुलाला का धरलं हे मी त्यांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, पोरांचं ह्ये काय हाय, त्ये मला नीट कळत न्हाय. पर तो पाव्हणा चार वेळा आमच्यात जेवलाय. आमच्याकडं ऱ्हायला तर कायद्याची काय अडचण हाय का?"

परदेशी माणूस घरात ठेवला की नोंद करावी लागते, एवढंच, असं मी म्हणालो. "मग करा की नोंद," ते म्हणाले. तो फॉर्म मी स्वतः भरून दिला. इतक्या समाधानाने मी क्वचितच काही लिहिलं असेल. शहरातल्या एका वकील बाईंनी पुढे संयुक्त राष्ट्रांच्या दिल्लीतल्या निर्वासित कार्यालयात अर्ज केला. दीड वर्षाने पाहुण्याला तिसऱ्या एका देशाने आसरा दिला. जाताना तो ठाण्यात येऊन हवालदार बाईंच्या पाया पडला. त्यांनी त्याला ओरडून उठवलं आणि मग आत जाऊन डोळे पुसले. मांजरीचा मुलगाही पुढे तिकडेच गेला. त्याचे वडील अजून कधीतरी मला फोन करून दोघांची खुशाली सांगतात.

लोकांना वाटतं, मी त्याच्यावर उपकार केले. खरं ते उलट आहे. सेवेच्या शेवटी शेवटी का होईना, एका परक्या मुलाने माझा हात वेळेवर धरला, आणि एका हवालदार बाईंनी मला माझ्या कामाची आठवण करून दिली. त्या दोघांचा मी ऋणी आहे. त्यानंतर मी ठाण्यात नियम केला: सापडलेल्या प्रत्येक सज्ञान माणसाला आधी एकटं बसवून विचारायचं, तुम्हाला यांच्याबरोबर जायचंय का?

महिन्याभरातच बिबवेवाडीतली एक विवाहित बाई मिसिंग झाली आणि सापडली. नवरा आणि दीर बाहेर ताबा घ्यायला बसले होते. मी दार लावून तिला तो प्रश्न विचारला. तिने दार नीट लागलंय ना, ते पाहून घेतलं. मग म्हणाली, "साहेब, हे तुम्ही मागच्या वेळी का नाही विचारलंत?"

मी जुनी मिसिंगची फाईल काढली. दोन वर्षांपूर्वीच्या ताबा पावतीवर सही माझीच होती. त्या दिवशी तिचा जबाब मी स्वतःच्या हाताने लिहून घेतला, आणि ती सांगेल तिथे तिला पोचवलं.