वखारीच्या वहीत नसलेली माणसं

दिवाणजीनं माझं मनगट धरून अंगठा शाईत दाबला. मी म्हटलं, "मला सही येती." वखारीतली सगळी हसली. दिवाणजी म्हणाला, "सही येती म्हणून सायब झालास व्हय रं? म्हारवाड्यातल्या लोकांना अंगठाच बरा." आम्ही बौद्ध होऊन किती वर्सं झालती, पर ह्याच्या तोंडात म्हारवाडाच.

कागद कानडीत. कानडी मी फाडफाड बोलतो, पर वाचता येत न्हाय. वर कुणाचं नाव हाय इचारलं.

"तुझंच. आजपासनं तू मारुती."

आणीबाणी उठली त्या साली मी निपाणीत त्या बिडीच्या वखारीत लागलतो. सायकलीवर बिड्यांची खोकी गावोगावच्या दुकानांत पोचवायची. वरीस भरायच्या आत वखारीत आमचं नाव बदलायचं. मी आधी शिवा झालो, मग बाबू, तिसऱ्या वर्साला ह्यो मारुती. आम्ही एकमेकाला नव्या नावानं हाका मारून खिदळायचो. कसली अक्कल म्हणायची ही!

मग बाजार बसला. बिडी खपंना, माणसं कमी होऊ लागली. त्यातच माझ्याबरोबरचा दत्तू मालासकट तवंदी घाटात पडला. पाय मोडला. त्याची बायको औषधपाण्याला पैसे मागायला वखारीत आली तवा मी खोकी बांधत हुतो. दिवाणजीनं वही तिच्याम्होरं धरली.

"दत्तू नावाचा माणूस आमच्याकडं कधीच नव्हता, बाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी सुतळीची गाठ मारत बसलो. भाकरी जाईल म्हणून भ्यालो. आजबी ते आठवलं की माझीच मला किळस येती.

त्या दिवसापासनं अंगात संशय शिरला. दिवाणजीनं चहा सांगितला तरी वाटायचं, का पाजतोय ह्यो? एक वरीस शिवा, एक वरीस बाबू. मग नोकरीत कायम कुणाला करणार? राबणारा मी तर वहीत न्हाईच.

पर दुकानदार आमच्यापरास संशयी. माल आणणाऱ्याची सही घेतल्याबिगर खोकं उतरून घेत न्हाईत. पावतीवर माझी सही, माझ्या खऱ्या नावानं. वखारीला मी कोण ते ठावं नसंल, गळतगा गावच्या दुकानाला ठावं हुतं. सुट्टीच्या दिवशी दुकानं पालथी घातली. गळतग्याचा म्हातारा आप्पा जुन्या पावत्या काढून देत म्हणाला, "घेऊन जा ह्या. लागलं तर येऊन सांगतो मी, माल तूच आणायचास म्हणून." ह्याचा काय डाव असंल, असंबी वाटून गेलं. पर पावत्या खऱ्या हुत्या.

चौथ्या वर्साला दिवाणजीनं शाईची डबी सरकवली. "आजपासनं तू परशा. भायेर धा जण बसल्यात, ध्यानात ठेव."

मी हात मागं घेतला. त्याचाच टाक उचलला आणि कागदावर माझं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. म्हटलं, "दत्तू हुता. तवा मी बोललो न्हाय. आता बोलतो."

तवाच नोकरी गेली.

पावत्या सायकलीला बांधून सरळ दत्तूच्या दारात गेलो. वैनीनं आत बोलावलं न्हाय. बरोबरच केलं. उंबऱ्याभायेर उभं राहून सांगितलं, दत्तूच्या सह्याबी त्याच दुकानांत पडल्यात. उद्यापासनं त्या गोळा करतो. मग दोघांच्या पावत्या घेऊन बेळगावच्या कामगार कचेरीत जातो. तिथलाबी कागद वाचून घेतल्याबिगर सही करणार न्हाय.

आणि अंगठा? त्यो आता कुणाच्या बापाला मिळायचा न्हाय.