दयाळ नव्हे, चिरक

रविवार, मार्च १९९८. आमच्या गटाचं पक्षीनिरीक्षण. हजर: सर (निवृत्त शिक्षक, वयाने सर्वांत मोठे, म्हणून पक्ष्यांची वही त्यांच्याकडे), आमच्या सोसायटीचे चेअरमन, आगाशीहून येणाऱ्या वाडीवाल्या काकू, आणि मी. दुर्बीण एक.

विरार पूर्वेला आमच्या इमारतीमागे जुनी दगडी भिंत होती. तिच्या भोकात एक काळा पक्षी चोचीत अळी धरून सारखा शिरत होता. भिंत पाडायची ठरली होती. चेअरमन म्हणाले होते, "भिंतीत घरटं आहे असं वहीतल्या यादीत आलं, तर पिल्लं उडेपर्यंत थांबू."

सरांनी दुर्बीण लावली. "दयाळ."

"सर," मी म्हणाले, "दयाळाचं पोट पांढरं असतं. याचं काळं आहे, शेपटीखाली तांबूस. हा चिरक."

"सावलीत काळंच दिसतं, मॅडम."

काकू म्हणाल्या, "गुरुजी, दयाळ आमच्या चिकूवर बसून सगळ्यांच्या नकला करतो. हा दगडावर शेपूट उभी करून बसनारा. येगळा."

"काकू, चिकू तुम्ही बघा. पक्षी आम्ही बघतो."

चेअरमन हसले. मीही हसले.

आमच्यात रीत अशी, की वाद झाला तर वयाने मोठ्या माणसाचं म्हणणं वहीत जातं आणि बाकीचे खाली सह्या करतात. सरांनी लिहिलं, 'दयाळ. घरटे आंब्याच्या ढोलीत असावे.' चौघांनी भिंतीत शिरताना पाहिलेला पक्षी! पलीकडच्या आंब्यापर्यंत कोणी गेलंही नाही. मला बाजार करायचा होता. मी सही केली.

गुरुवारी भिंत पाडली. मी चेअरमनना जाब विचारला. त्यांनी यादीची झेरॉक्स पुढे केली. "घरटं आंब्यात आहे की. ही सही तुमचीच ना?"

खाली दगडांच्या ढिगावर तो पक्षी चोचीत अळी घेऊन या दगडावरून त्या दगडावर उडत होता. पंख उघडले की खांद्यावरचा पांढरा ठिपका दिसे. पोट भर उन्हातही काळंच.

पुढच्या रविवारी सर म्हणाले, "चला, जागा मोकळी झाली. आता माळावरचे पक्षी येतील." मी त्यांच्या हातातून वही ओढून घेतली, ओळ खोडली आणि वर 'चिरक, भिंतीत, पिल्लांसह' असं लिहिलं. सर लालबुंद झाले. होऊ देत. पोटाचा रंग बघायला वय लागत नाही, डोळे लागतात.

काकू त्या दिवशी आल्या नाहीत, नंतरही नाहीत. आगाशीला जाऊन त्यांची माफी मागायची आहे. अजून गेलेले नाही.